तो मागे राहिला होता

गेल्या श्रावणात माझा बालमित्र गेला. सुरत महानगरपालिकेच्या आरोग्य खात्यात तीन दशकांहून अधिक काळ नोकरी करून तो निवृत्त झाला होता आणि त्या निवृत्तीला अद्याप वर्षही पुरते झाले नव्हते. “माझ्यावर कधी काही लिहिलेस तर नाव घालू नकोस, आमचे काम एकट्याने होत नसते,” असे तो एकदा थट्टेत म्हणाला होता. ती थट्टा आता मला आज्ञेसारखी वाटते. म्हणून या लेखात त्याचे नाव नाही. वाचकांनी क्षमा करावी.

आम्हा दोघांचेही वडील खानदेशातून यंत्रमागावर काम करण्यासाठी सुरतेस आले. मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. वर्गातील माठाचे शिळे पाणी ओतून तो घासण्याचे काम त्याने कोणी न सांगता आपल्याकडे घेतले होते. माठ धुतला की शेजारच्या भिंतीवर तो खडूने तारीख लिहून ठेवी. गुरुजी हसत, आम्हीही हसत असू. पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो आणि शिक्षक म्हणून लागलो. त्याने सॅनिटरी इन्स्पेक्टरचा अभ्यासक्रम पुरा करून पालिकेत नोकरी धरली. कोणी विचारले की मी “मित्र पालिकेत आहे” एवढेच सांगत असे. गटार आणि कचरा हे शब्द मी टाळत होतो, हे आज कबूल केले पाहिजे.

१९९४ चा पावसाळा जुन्या सुरतकरांच्या स्मरणात असेल. तापीला पूर येऊन सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. ते ओसरल्यावर मेलेली जनावरे आणि चिखल कित्येक दिवस तसाच पडून होता. तिकडे महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगची बातमी होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण दगावू लागले. हा रोग खोकल्याच्या तुषारांवाटे माणसापासून माणसाला होतो, हे कळताच शहराचा धीर सुटला. कित्येक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून नाहीशा झाल्या आणि चार-पाच दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. देशभरात मिळून मृत्यू पन्नासाच्या थोडे वर झाले; भीती मात्र त्याच्या हजारपट होती.

त्या लाखोंत मीही होतो. तोंडाला रुमाल बांधून, म्हाताऱ्या आईला गर्दीतून कसेबसे डब्यात चढवून मी भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने अमळनेर गाठले. स्टेशनवर जाण्यापूर्वी त्याच्या घरी डोकावलो होतो. तो कामाचे बूट चढवीत होता. “चल आमच्याबरोबर,” मी म्हणालो. “आईला नीट सांभाळ,” एवढेच तो बोलला आणि सायकल काढून निघून गेला.

अमळनेरला पोहोचल्यावर रात्री मला झोप येईना. त्याच वर्षीच्या ३ जानेवारीला मी मुलांना सावित्रीबाई फुल्यांची गोष्ट सांगितली होती. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रुग्णांची सेवा करताना त्यांनी देह ठेवला, हे सांगताना माझा कंठ दाटून आला होता आणि मुलेही गप्प झाली होती. नऊ महिन्यांनी तोच शिक्षक पहिल्या गाडीने पळाला होता. आईचे निमित्त खरे होते. पण तिला भावाकडे सोडून मी परत फिरू शकलो असतो. मी फिरलो नाही.

दोन आठवड्यांनी परतलो तेव्हा तो वस्तीच्या तोंडाशी कामगारांबरोबर गाळ उपसताना दिसला. गालफडे बसली होती. मी काही बोलण्यापूर्वीच त्याने विचारले, “शाळा कधी उघडते? मुलांना सांग, मेलेला उंदीर दिसला तर हात लावायचा नाही, आम्हाला कळवायचे.” मी का गेलो, हे त्याने विचारले नाही. पुढच्या ३ जानेवारीला मला भाषण करवेना. मी त्यालाच वर्गात बोलावले. त्याने सावित्रीबाईंविषयी फारसे काही सांगितले नाही. आपल्या मोरीतले पाणी कुठून कुठे जाते आणि ते कुठे तुंबते, हे त्याने फळ्यावर आकृती काढून दाखविले. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकले.

१९९५ मध्ये श्री. एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. शहराचे सहा विभाग झाले, त्यांच्या अधिकाऱ्यांना निर्णयाचे अधिकार मिळाले, वातानुकूलित खोल्या सोडून साहेब मंडळी सकाळी रस्त्यावर दिसू लागली. १९९६ मध्ये इंटॅक या संस्थेने सुरतेला चंडीगडच्या खालोखाल देशातील स्वच्छ शहर ठरविले. रावसाहेबांचे श्रेय मोठेच आहे. पण माझा मित्र म्हणे, “साहेबांनी आम्हाला नवीन काम दिले नाही. आम्ही जे काम करीत होतो, त्याची रोज विचारपूस सुरू केली.”

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडावे लागले आणि बहुतेक सारी सुरत बुडाली. त्या वेळी मी शाळेतच राहिलो. वरच्या मजल्यावर आजूबाजूची कुटुंबे आश्रयाला आली होती. तिसऱ्या दिवशी कमरेइतक्या पाण्यातून तो क्लोरीनच्या गोळ्यांचे खोके डोक्यावर घेऊन आला. जिन्याच्या पायरीवर टेकून, धाप टाकीत, हसून म्हणाला, “या वेळी मास्तर जागेवर आहेत.” बारा वर्षांत त्या गोष्टीचा त्याने केलेला हा पहिला आणि शेवटचा उल्लेख. त्या एका वाक्याने माझ्या मनावरचे किती ओझे उतरले, हे मला त्याला सांगता आले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेला इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळाला. अभिनंदनासाठी मी फोन केला, तर तो म्हणाला, “अरे, उद्या सकाळी पुन्हा झाडावेच लागणार आहे. नंतर बोलू.”

त्याच्या अंत्ययात्रेला पालिकेचे सफाई कामगार पहाटेची पाळी संपवून कामाच्या कपड्यांतच आले होते. मला पुढे होण्यास सांगण्यात आले. मी त्यांनाच पुढे जाऊ दिले.

माझ्या शाळेत आता माठ नाहीत, गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ती धुतली की शेजारच्या भिंतीवर मी खडूने तारीख लिहितो. पावसाने ती पुसली जाते, म्हणून पुन्हा लिहावी लागते.