आठवणींच्या पुढच्या रमाबाई

रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झालं. त्यांचे पती न्यायमूर्ती माधवराव रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले आणि रमाबाईंनी आपल्या आठवणी त्यांच्या निधनापाशीच थांबवल्या. पुस्तक छापून आलं तेव्हा पुण्यात सेवासदन ही संस्था सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. ज्या घरात पतीच्या आठवणी होत्या त्याच घरात दुपारी बायका शिकायला येऊ लागल्या होत्या. त्याबद्दल पुस्तकात काही नाही. पुढे त्या १९२४ पर्यंत जगल्या आणि ज्या कामामुळे त्यांना महाराष्ट्राबाहेरही मान मिळाला, ते बहुतेक सगळं पतीच्या निधनानंतरच्या याच तेवीस वर्षांतलं.

त्यामुळे आपल्या मनात रमाबाई म्हटलं की पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली एक चिमुरडी बायको उभी राहते. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ या मालिकेने ती घरोघरी पोचवली. ते चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. ही दोन अर्धी शेजारी ठेवून पाहिली की संसाराच्या अठ्ठावीस वर्षांत काय काय साठलं आणि पुढे ते कसं कामी आलं, हे दिसू लागतं.

सुरुवात अवघड आहे, आणि ती गुळगुळीत करून सांगू नये. १८७३ साली माधवरावांची पहिली पत्नी वारली. ते विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते. आता ते स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती आणि नेमकी तीच भीती वडिलांना होती. वडिलांनी घाई केली, माधवराव त्यांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत, आणि एकतिसाव्या वर्षी त्यांनी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. सुधारकांनी त्यांच्यावर टीका केली. ती योग्यच होती. मुलीला अक्षरओळखसुद्धा नव्हती, कारण मुलींनी लिहिणं-वाचणं तिच्या माहेरी निषिद्धच होतं. माधवरावांनी लग्नानंतर लगेच तिची शिकवणी सुरू केली.

पुण्याचं रानड्यांचं घर मोठं होतं. सासू, नणंद, दूरच्या नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका, सगळ्यांचा सुनेच्या शिकण्याला विरोध. ती शिकू लागली तसा घरातला अबोला वाढला. पुढे इंग्रजी शिकवायला युरोपीय बाई येऊ लागल्या, तर त्यांच्याजवळ बसल्यावर विटाळ झाला म्हणून स्नान केल्याशिवाय घरात वावरायची सोय नव्हती. टोमणे तर रोजचेच. माधवरावांचा सल्ला ठरलेला असे: उलट उत्तर द्यायचं नाही, सहन करायचं, आणि शिकणं सोडायचं नाही.

या सल्ल्याकडे आज पाहताना माझं मन अडतं. घरातल्या बायकांशी स्वतः बोलण्याचा अधिकार माधवरावांना होता. तो त्यांनी फारसा वापरला नाही. सोसायचं काम बायकोच्या वाट्याला आलं. पतीने दिलेला आधार खरा होता, रोजचा होता, आणि त्यालाही मर्यादा होती. रमाबाईंच्या लिखाणात या दोन्ही गोष्टी दिसतात, आणि पतीवर इतकी भक्ती असूनही त्यांनी घरातला जाच लपवलेला नाही. त्या प्रामाणिकपणामुळेच ते पुस्तक आजही जिवंत वाटतं.

पण त्या सोसण्यातून एक गोष्ट घडली, जी कोणी शिकवून येत नाही. ज्या बायकांनी त्यांना छळलं, त्यांचा रमाबाईंनी तिरस्कार केला नाही. ती माणसं आतून कशी विचार करतात, कशाला भितात, कोणत्या शब्दाने दुखावतात आणि कोणत्या वागण्याने विरघळतात, हे त्यांना एकाच छपराखाली राहून कळलं. सुधारणेची बाजू घेणाऱ्या पुष्कळ पुरुषांना हे कधीच कळलं नाही, कारण त्यांचा त्या माजघराशी संबंध जेवणापुरता होता.

त्यांच्या स्वभावाची पहिली लख्ख खूण नाशिकला दिसते. माधवराव तिथे बदलून गेले होते आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखही तेव्हा तिथेच होते. मुलींच्या शाळेचा बक्षीससमारंभ झाला. पाहुण्यांना हार, अत्तर, पानसुपारी द्यायचं काम रमाबाईंकडे होतं. इंग्रज न्यायाधीशाच्या पत्नीला त्यांनी हार घातला, पण साहेबाला हार घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला. त्यांना त्या सूचनेचा रागच आला. शेवटी देशमुखांनी हसत हसत तो हार घेतला आणि वेळ निभावून नेली. तेव्हा रमाबाई जेमतेम सोळा वर्षांच्या असतील. नव्या रीतीच्या समारंभात त्या आनंदाने उभ्या राहिल्या, पण परपुरुषाच्या गळ्यात हार घालणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं, म्हणून त्यांनी ते केलं नाही. कुणी मागासलेली म्हणेल याची पर्वा केली नाही. पुढे आयुष्यभर त्या अशाच राहिल्या. सुधारकांना शोभेल म्हणून त्या काही करत नसत आणि सनातन्यांना आवडणार नाही म्हणून काही टाळत नसत. आपल्याला पटलं की करायचं, आणि पटायला वेळ लागला तर तेवढा वेळ द्यायचा.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांच्या आर्य महिला समाजाच्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. बायकांनी बायकांसमोर उभं राहून बोलायचं, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. पुण्यात मुलींचं हायस्कूल व्हावं म्हणून प्रयत्न चालले होते, त्यासाठी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यासमोर भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून मानपत्र वाचलं. १८८४ मध्ये ते हायस्कूल सुरू झालं आणि आज पुणेकर ते हुजूरपागा म्हणून ओळखतात. सभेत कौतुक झालं खरं, पण घरी परतल्यावर जे ऐकून घ्यावं लागलं त्याच्यापुढे गव्हर्नरसाहेबांची सभा सोपी होती.

१८९३ साली माधवराव हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथे रमाबाईंना मैत्रिणी मिळाल्या. हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लबात बायका शिवण शिकत, भाषा शिकत, प्रथमोपचार शिकत. पुण्यात एका माणसाच्या आधारावर शिकणाऱ्या रमाबाई इथे इतर बायकांचा आधार झाल्या. पुढच्या कामाची ही तालीम होती, असं मला वाटतं.

मग १९०१. माधवरावांच्या जाण्यानंतर त्या पुण्याला परत आल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेरच पडल्या नाहीत. त्या वर्षाबद्दल त्यांनी लिहिलं नाही, आणि त्यांच्या मौनात आपण शिरू नये. पण त्यातून त्या बाहेर आल्या तेव्हा आधी सभेच्या व्यासपीठावर गेल्या नाहीत, येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. स्त्री-कैद्यांशी बोलायचं, त्यांची विचारपूस करायची. ससून रुग्णालयातल्या रोग्यांना फळं-फुलं द्यायची. ज्यांना भेटायला कोणी येत नाही त्यांच्याकडे जायचं. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, त्याच्या अध्यक्षपदी त्यांना बोलावलं गेलं. तोवर त्यांनी स्वतःचं स्थान स्वतः मिळवलेलं होतं.

बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केलं आणि रमाबाईंना अध्यक्ष केलं. १९०९ मध्ये पुण्याची शाखा रमाबाईंच्या स्वतःच्या घरात सुरू झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर तिथे संघटनेचं काम पाहू लागले. या दोघांचं नातं मला या सगळ्या कहाणीत फार महत्त्वाचं वाटतं. हिंडणं, निधी जमवणं, योजना आखणं हे देवधरांचं, आणि संस्थेवर लोकांचा विश्वास बसणं हे रमाबाईंमुळे. कोण मोठं हा प्रश्न त्यांच्यात आडवा आला नाही. घरची विधवा सून किंवा लेक कोणाच्या स्वाधीन करायची, असा विचार करणाऱ्या आईबापांना ‘तिथे रानडे बाई आहेत’ एवढं पुरत असे.

परिचारिकांच्या शिक्षणाची गोष्ट पाहिली की हे नीट कळतं. ब्राह्मण घरातल्या विधवांनी दवाखान्यात परक्या रोग्यांची शुश्रूषा करायची, कोणत्याही जातीच्या माणसाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, ही कल्पनाच त्या काळच्या पुण्याला सहन होणारी नव्हती. अशा ठिकाणी भाषणं देऊन काही होत नाही. शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह लागतं, तिथे त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याच्या सवयी सांभाळून घ्याव्या लागतात, घरच्यांची भीती ऐकून घ्यावी लागते, आणि वर्षानुवर्षं लावून धरावं लागतं. हे रमाबाईंना जमलं, कारण विटाळ, स्नान, टोमणे, अबोला हे सगळं त्यांच्या अंगावरून गेलेलं होतं. समोरच्या सासूला काय वाटतंय हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. सेवासदनाने तयार केलेल्या परिचारिका आणि शिक्षिका पुढे स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या. आश्रित म्हणून आयुष्य काढण्याची ज्यांची तयारी झाली होती, त्या बायकांच्या हाती पगार आला.

अखेरच्या वर्षांत त्या राजकीय प्रश्नांतही उतरल्या. सक्तीचं प्राथमिक शिक्षण मुलांइतकंच मुलींनाही मिळावं म्हणून पुण्यात बायकांनी आवाज उठवला, त्यात त्या पुढे होत्या. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ झाली, तिचं नेतृत्वही त्यांनी केलं. वय साठीला आलं होतं. चारचौघींना बरोबर घेऊन काम करायची त्यांची पद्धत तीच राहिली.

१९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. सेवासदनाच्या संस्था पुण्यात आणि सोलापुरात आजही मुलींना शिकवत आहेत. शाळेच्या पुस्तकात रमाबाईंवर पुन्हा कधी धडा घेतला जाईल तेव्हा माधवरावांनी त्यांना कसं शिकवलं हे जरूर यावं, पण येरवड्याच्या फेऱ्या, परिचारिकांचं वसतिगृह आणि मताधिकाराची चळवळ यांनाही त्यात तितकीच पानं मिळावीत, अशी माझी मनापासूनची मागणी आहे.