साफ्टा करार आणि भिवंडीचा माग : सही झाली, पुढे काय?



सार्कचा धडा शिकवताना आपण फळ्यावर लिहितो : 'साफ्टा म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्र. सही 6 जानेवारी 2004, इस्लामाबाद. अंमल 1 जानेवारी 2006.' मुलं उतरवून घेतात, एका गुणाची सोय होते. पण भिवंडीत ज्याच्या घरी यंत्रमाग चालतो अशा मुलाने विचारलं, "सर, बांगलादेशचा शर्ट बिनाशुल्क कसा येतो?" तर? याचं उत्तर त्या दोन तारखांत सापडत नाही.

आधी नियम पाहू. 2011 मध्ये भारताने सार्कमधल्या सर्वांत कमी विकसित देशांसाठीची 'संवेदनशील यादी' फक्त 25 वस्तूंवर आणली. तयार कपडे त्या यादीतून सुटले, म्हणजे शुल्कमुक्त झाले. अट एकच : माल खरोखर त्या देशात बनलेला हवा. यालाच 'मूळ देशाचा नियम' म्हणतात.

आता हे गणित वर्गात करून घ्या. निर्यातीच्या वेळी शर्टाची किंमत 500 रुपये. बांगलादेशाला बाहेरचा कच्चा माल 70 टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे 350 रुपयांपर्यंत. चिनी कापड, बटणं मिळून 340 रुपये झाले तर शर्ट पास. 360 झाले तर नापास, पूर्ण शुल्क लागणार.

खरी गोम इथेच आहे. 340 की 360, हे ठरवणार कोण?

तिथे प्रमाणपत्र देणारं कार्यालय हवं, कारखान्याचे हिशेब तपासणारी माणसं हवीत. इकडे सीमाशुल्क अधिकाऱ्याला शंका कुठे घ्यावी हे कळायला हवं. पूर्वी बहुतेक भिस्त प्रमाणपत्राच्या कागदावरच होती. 21 सप्टेंबर 2020 पासून भारताने नियम कडक केले. आता आयातदाराने माल कसा, कुठे बनला याची माहिती स्वतः बाळगायची, कागद पाच वर्षं जपायचे. शंका आली तर अधिकारी निर्यातदार देशाकडे पडताळणी मागू शकतो. मे 2025 पासून तर बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवरून येणं बंद झालं. न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरं उरली. म्हणजे ही तपासणी आता भिवंडीच्या अगदी जवळ होते, बरं का!

दुसरी बाजूही सांगायला हवी. आयातीमुळे देशी उद्योगाला गंभीर इजा होत असेल, तर सवलत तात्पुरती थांबवण्याची तरतूद करारात आहे. पण आधी चौकशी होते, आणि चौकशीला लागतात आकडे : उत्पादन किती, विक्री किती, भाव किती पडला. भिवंडीत कितीतरी मागवाले व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर ग्रे कापड विणून देतात. नोंदी विखुरलेल्या, काही नुसत्या तोंडी. नुकसान खरं असलं तरी ते कागदावर दिसत नाही, आणि जे कागदावर दिसत नाही ते चौकशीत टिकत नाही.

म्हणून मुलांना एवढं नक्की सांगा : करार मंत्री करतात, पण तो चालवतात कारकून, तपासनीस, प्रयोगशाळा आणि वही नीट ठेवणारा मागवाला. यातली एक कडी कच्ची राहिली की नियम पुस्तकातच राहतो.

गृहपाठ : घरातल्या पाच कपड्यांची लेबलं वाचून 'कुठे बनले' ते वहीत लिहा. मग घरच्यांना विचारा, "यातलं कापड कुठलं असेल?" लेबल ते सांगत नाही. तिथूनच धडा सुरू करा.