पडण्याचे शिक्षण

विजेच्या स्कूटरवरून घरोघर माल पोचविणारी मुले आमच्याकडे येतात, ती पुष्कळदा हाताला प्लास्टर घालूनच. पडताना माणूस उपजतच हात ताठ पुढे करतो; सारा भार मनगटावर येतो, हाड मोडते आणि दीड महिन्याची मजुरी बुडते.

१८८२ साली जिगोरो कानो यांनी जपानात ज्यूदो सुरू केला. त्यात आधी पडायलाच शिकवितात : हनुवटी छातीशी, कोपरे वाकलेली, खांद्यावरून लोळण. मार एका हाडावर न बसता अंगभर वाटला जातो. आम्ही युनियनवाले यालाच एकजूट म्हणतो!

मात्र वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. तेथे हेल्मेट हवेच. श्रोतेहो, हा धडा गादीवर, कामाच्या पहिल्याच दिवशी, मालकाच्या खर्चाने मिळावा, एवढीच आमची मागणी आहे.