रोझमेरी : पाणी बेताचे, वापरही बेताचा

अलीकडे शहरांतील रोपवाटिकांमध्ये तुळस आणि गवती चहाच्या शेजारी रोझमेरीची रोपे दिसू लागली आहेत. सुईसारख्या अरुंद पानांचे हे झुडूप मूळचे भूमध्य सागराकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचे. कुळाने मात्र आपल्या तुळशीचेच. घरी आणलेले रोप बहुधा अतिपाण्यानेच दगावते, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

तळाला भोके असलेली आठ-दहा इंची मातीची कुंडी घ्या. माती आणि जाडी वाळू समप्रमाणात मिसळून त्यात मूठभर कंपोस्ट घाला. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशा कमरेइतक्या उंच कट्ट्यावर कुंडी ठेवा, म्हणजे वाकावे लागणार नाही. बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहा. ओल लागली नाही, तरच पाणी द्या. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण उजेडात असावी. छाटताना पानांचा हिरवा भागच कापावा. जुन्या, निष्पर्ण फांदीला पुन्हा फुटवा येणे कठीण असते.

वाढत्या वयात घ्राणशक्ती मंदावते, जेवण अळणी वाटू लागते आणि हात मिठाकडे वळतो. रक्तदाबामुळे मीठ कमी करायचे असल्यास उकडलेले बटाटे परतताना किंवा भोपळ्याच्या सुपात रोझमेरीची एक डहाळी घाला. सुगंधामुळे मिठाची उणीव कमी भासते. पाने चिवट असतात, म्हणून वाढण्यापूर्वी डहाळी काढून टाकावी.

युरोपात ही वनस्पती स्मरणाचे प्रतीक मानली जाते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑफिलिया त्याच अर्थाने ती देते. परंतु रोझमेरीने विस्मरणाचा आजार बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. घरातील ज्येष्ठ व्यक्ती वारंवार विसरू लागली, तर काढ्यावर विसंबून वेळ दवडू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे चालू असतील, किंवा फिट येण्याचा त्रास असेल, तर नित्य काढा अथवा अर्काच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. बाजारातील सुगंधी तेल तर कधीही पोटात घेऊ नये.

माती चाचपून पाणी द्यायचे की नाही, हे ठरवण्याचे काम घरातील आजी-आजोबांकडे सोपवून पाहा. दिवसाकाठी कोणीतरी त्यांचा निर्णय विचारते आहे, ही भावनाही आरोग्याला उपकारकच असते.