खर्जाची खरेदी

माझ्या आईचा तानपुरा मिरजेचा. १९६९ साली आजोबा तिला बरोबर घेऊन मिरजेला गेले, दोन दिवस तिथे राहिले, सात तानपुरे ऐकले आणि आठवा घेऊन आले. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. या खरेदीची हकीकत आमच्या घरी वर्षातून एकदा तरी होतेच, आणि दर खेपेस आजोबांनी नाकारलेल्या एखाद्या तानपुऱ्याच्या दोषात थोडी भर पडते. लहानपणापासून ती ऐकूनही मी काही शिकलो नव्हतो. कारण गेल्या वर्षी मुलीसाठी वाद्य घेण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी ते अर्ध्या तासात घेऊन आलो.

वाद्य म्हणजे बेस गिटार, आणि तीही पोकळ लाकडी पेटीची, विजेवाचून वाजणारी. कॉलेजात आमच्या कन्येने चारपाच जणांचा एक कंपू जमवला आहे. दोन मुले गिटार वाजवतात, एक जण लाकडी खोक्यावर बसून त्याच खोक्यावर ताल धरतो, एक मुलगी गाते. खर्ज धरायला कोणीच तयार नव्हते, म्हणून ते काम हिने पत्करले. अशा कामांचा वारसा तिला माझ्याकडून मिळाला असावा. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाची मुद्रिते गेली बारा वर्षे मीच तपासतो आहे.

बेस गिटारला बहुधा चार तारा असतात. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचे जे स्वर, तेच इथे, पण एक सप्तक खाली. पहिले काही महिने मुलीने एका मैत्रिणीची विजेवर चालणारी बेस गिटार आणली होती. तिच्याबरोबर तिचा ध्वनिवर्धकही आला. तीव्र स्वर भिंत अडवते. खर्ज मात्र भिंतीला जुमानत नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आमच्या कपाटातल्या कपबशा आपणहून वाजायला लागल्या आहेत." त्यावर सौ.ने निर्णय दिला, "अहो, विजेशिवाय वाजणारी मिळते म्हणे. तीच आणा."

मी आणली. दुकानात पाचसहा टांगलेल्या होत्या. त्यांतली एक मधासारख्या रंगाची, कडेला काळसर होत गेलेली, अंगाने सडपातळ, खांद्यापाशी डौलदार खाच असलेली होती. मुलीने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चार स्वर वाजवले. ते भरदार वाटले. दुकानदार म्हणाला, "यातच पिकअप बसवलेली चार हजारांनी जास्त पडेल." मी म्हटले, "बिनविजेची म्हणजे बिनविजेची." त्याने मुकाट्याने पावती केली. त्याला दोष देण्याचे कारण नाही. मी विचारले असते, तर त्याने सांगितले असते. पण भाषेच्या प्राध्यापकाला विचारण्यापेक्षा सांगण्याची सवय अधिक.

पुढच्या रविवारी कंपू आमच्या गच्चीवर जमला. मी कौतुकाने पायरीवर जाऊन बसलो. गाणे सुरू झाले. दोन्ही गिटारी ऐकू येत होत्या, खोके ऐकू येत होते, गाणारी तर येतच होती. माझ्या मुलीची बोटे तारांवर हलताना दिसत होती. ऐकू मात्र काहीच येत नव्हते. तिने जोर वाढवला, तेव्हा तारा पडद्यांवर आपटून खडखडू लागल्या. खडखड ऐकू आली, स्वर नाही. चार रविवार असे गेले. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले. पाचव्या रविवारी ती गच्चीवर गेलीच नाही. मी कारण विचारले, तर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, मी नसले तरी गाणं तसंच होतं."

बावीस हजार रुपये पाण्यात गेले, याचे वाईट वाटलेच. तो मजकूर सौ.च्या तोंडून मी पुष्कळदा ऐकला. पण मुलीचे हे वाक्य मात्र माझ्याने कोणाला सांगवले नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये पदार्थविज्ञानाचे एक सहकारी माझ्या शेजारी बसतात. त्यांनी चहाच्या बशीत बिस्किटाचा चुरा मांडून मला ध्वनिशास्त्र शिकवले. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्या स्वराची हवेतली एक लाट आठ मीटरांहून लांब, म्हणजे आमच्या दिवाणखान्यात ती मावतही नाही. एवढा संथ स्वर हवेत ढकलायचा तर पेटी मोठी हवी आणि तिच्यात हवाही भरपूर हवी. म्हणून तर ऑर्केस्ट्रातला डबल बेस माणसाएवढा उंच असतो. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गोव्याच्या वादकांनी वर्षानुवर्षे उभ्याने वाजवला तोच हा. तसा खर्ज मांडीवर मावणाऱ्या पेटीतून मागणे म्हणजे चिमणीच्या घशातून शंख मागण्यासारखे आहे.

"मग दुकानात कसा भरदार वाटला?" मी विचारले.

"कोपऱ्यात बसला होतात ना? दोन भिंती आणि जमीन यांनी खर्ज परत दिला. गच्चीवर भिंत कुठली?"

त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. खर्जाचा मूळ स्वर पेटीतून फारसा बाहेर पडतच नाही. बाहेर पडतात ते त्याच्या वरचे उपस्वर. त्यांवरून आपला कान खालचा स्वर स्वतः जुळवून घेतो. जुन्या टेलिफोनवर पुरुषांच्या आवाजातला सर्वांत खालचा भाग गाळला जाई, तरी आपण वडिलांचा आवाज आईचा समजत नसू, ते यामुळेच. पण हे उपस्वर नेमके तिथेच असतात, जिथे दोन गिटारी आधीच गर्दी करून बसलेल्या. बिचाऱ्या मुलीचा आवाज त्या गर्दीत चेंगरला होता.

या वाद्याचा जन्मच मुळी अशा अडचणीतून झाला आहे. लिओ फेंडरने १९५१ साली विजेची बेस गिटार बाजारात आणली, आणि सहा फुटी डबल बेस वाहून नेणाऱ्या वादकांचे खांदे मोकळे झाले. तिचे धड भरीव फळीचे. आवाज सगळा ध्वनिवर्धकाचा. पुढे कॅलिफोर्नियातल्या अर्नी बॉल यांच्या मनात आले, की विजेच्या गिटारीला विजेची बेस आहे, तर लाकडी गिटारीला लाकडी का नसावी? मेक्सिकोच्या मारियाची वाद्यवृंदात गितारोन नावाची पोटदार, ढोली गिटार असते. ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. १९७२ साली त्यांनी 'अर्थवुड' नावाची बेस काढली. तिची पेटी चांगलीच मोठी आणि खोल होती, पण हातात धरायला अवजड. ती फार खपली नाही. या वाद्याला खरे दिवस आले ते १९८९ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'अनप्लग्ड' नावाचे कार्यक्रम सुरू झाल्यावर. मोठमोठे कंपू स्टुलांवर बसून लाकडी वाद्ये वाजवू लागले, आणि त्यांच्यातल्या बेसवाल्याच्या हातीही लाकडी वाद्य आले. मात्र त्यांतल्या बहुतेकांच्या गिटारीच्या बुडातून एक वायर निघालेली असे. ती वायर कॅमेऱ्याला फारशी दिसत नसे, आणि मला तर मुळीच दिसली नव्हती.

त्यानंतर मी मुलीला घेऊन धोबी तलावाच्या बाजूला एका वयस्क कारागिराकडे गेलो. मूळचे गोव्याचे, वाद्यांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेले. आमची देखणी गिटार त्यांनी हातात घेतली, पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केले आणि विचारले, "कोणाबरोबर वाजवणार?"

हा प्रश्न मी दुकानात शिरण्यापूर्वी स्वतःला विचारायला हवा होता. खोलीत एकट्याने, नाहीतर एका हलक्या गिटारीबरोबर वाजवायचे असेल, तर खोल पेटीची बेस तशीच पुरते. दोन गिटारी आणि ताल असेल तर पिकअप हवाच. "आणि फक्त मोठा आवाजच पाहिजे असेल, तर भरीव फळीची घे. ती स्वस्त पडते," ते मुलीला म्हणाले. मला हा माणूस तिथेच आवडला. पण मुलीने मान हलवली. रात्री आजी तानपुरा घेऊन बसते, तेव्हा तिच्याजवळ बसून वायर न जोडता वाजवता येईल असेच वाद्य तिला हवे होते. हे मला तोवर ठाऊक नव्हते.

मग त्यांनी तासभर आम्हाला शिकवले. ते गिटारीच्या भागांची नावे इंग्रजीत घेत, आणि मी मनातल्या मनात आईच्या तानपुऱ्याची नावे लावीत होतो: तबली, घोडी, खुंट्या, दांडी. तबली अखंड स्प्रूस लाकडाची असेल तर स्वर मोकळा लागतो आणि वर्षांबरोबर आणखी मोकळा होतो. पण मुंबईच्या पावसाळ्यात ती फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. थर चिकटवून केलेले लाकूड स्वराला थोडे मुके, पण ऋतूला घट्ट. त्यांचा सल्ला असा, की तबली अखंड घ्यावी, पाठ आणि कडा थरांच्या चालतील, आणि पावसाळ्यात वाद्य भिंतीला न टांगता पेटीत ठेवावे.

दांडीची परीक्षा त्यांनी अशी दाखवली: तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी पेटीला मिळते तिथल्या पडद्यावर एकदम दाबायची. मधोमध पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. तार टेकलीच तर खडखड होणार. फट फार असली तर बोटे दुखणार. दांडीच्या पोटातली लोखंडी सळई पिळून हे थोडेबहुत सुधारता येते. मग बाराव्या पडद्यावर तार नुसती बोटाने स्पर्शून वाजवायची आणि नंतर दाबून वाजवायची. दोन्ही स्वर एकच आले पाहिजेत. नाही आले तर घोडी जागेवर नाही. आणि प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहायची, कंटाळा न करता. एखाद्या जागी स्वर टिकतच नाही, लगेच विझतो. ती जागा दुकानात सापडली नाही, तर घरी नक्की सापडते.

पुढे मापाचा प्रश्न आला. पूर्ण मापाच्या बेसची तार ३४ इंचांची. पहिल्या दोन पडद्यांत जवळजवळ दोन इंच अंतर पडते. आमची मुलगी अंगाने आईवर गेलेली, हात लहान. पहिल्या गिटारीने तिचे मनगट दुखत होते, हेही मला तिथेच कळले. ३० इंची वाद्य हाताला सोपे, पण जाड तार त्यावर सैल पडते आणि स्वर जरा गढूळ येतो. कारागिरांनी मधले ३२ इंची माप सुचवले. तारांविषयी मात्र त्यांनी ठाम मत दिले नाही. ब्राँझच्या तारा झगझगीत वाजतात, पण बोट सरकताना किंचाळतात. काळ्या नायलॉनने गुंडाळलेल्या तारा मऊ, गोल, डबल बेसची आठवण देणाऱ्या. "दोन्ही लावून बघ," ते म्हणाले. "तारा म्हणजे चप्पल. दुसऱ्याच्या पसंतीने घेऊ नये."

पिकअपचे रहस्यही त्यांनीच उकलले. घोडीच्या हाडाखाली एक बारीक पट्टी असते. तिच्यावर दाब पडला की वीज निर्माण होते. क्यूरी बंधूंनी १८८० साली स्फटिकांत शोधलेला गुण तो हाच. पेटीच्या कडेला ९ व्होल्टची बॅटरी बसते. कामाच्या नेमक्या वेळी ती संपते, तेव्हा एक जादा जवळ हवी. आणि पोकळ पेटी ध्वनिवर्धकासमोर धरली, की तिचाच आवाज तिच्यात शिरून हुंकार सुरू होतो. त्यासाठी पेटीच्या तोंडावर रबराचे झाकण मिळते.

एवढे ज्ञान घेऊन आम्ही पुन्हा बाजारात निघालो. निघताना आई म्हणाली, "मीही येते." तिच्या गुडघ्यांचा विचार करता सौ.ने बरेच समजावले. पण मिरज पाहिलेल्या बाईपुढे आमचे काय चालणार!

दुकानात मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळली. आई म्हणाली, "तिथे नको गं. मध्ये बस." मग तिने माझा हात धरला, आठदहा पावले लांब नेऊन मला दुकानाच्या दाराकडे तोंड करून उभे केले, आणि स्वतःही पाठ फिरवली. "दादा असंच करायचे. वाजवणाऱ्याला स्वतःचं वाद्य नीट ऐकू येत नाही, आणि बघणाऱ्याला तर मुळीच नाही." दुकानातल्या एका मुलाला तिने साधी गिटार बरोबर वाजवायला लावले. तोही हसत तयार झाला.

पाठमोरे उभे राहून आम्ही पाच वाद्ये ऐकली. दोन त्या साध्या गिटारीखाली बुडून गेली. एकाचा आवाज मोठा होता, पण आई म्हणाली, "हे नुसतंच ढुम् करतंय, स्वर कुठे आहे?" चौथ्याला ती काहीच बोलली नाही, नुसती मान डोलावली. पाचवे ऐकून म्हणाली, "मघाचं परत." मी वळून पाहिले. खोल पेटी, फिकट पिवळी तबली, ना रंग ना डौल. गव्हाचे पीठ भरलेल्या डब्यासारखे रूप. माप ३२ इंची. मुलीने सगळे पडदे वाजवून पाहिले, पोस्टकार्डाची परीक्षा घेतली. मी बॅटरीची जागा उघडून पाहिली आणि या खेपेस विचारायचे ते सगळे विचारले. जुने वाद्य त्यांनी निम्म्याहून थोड्या जास्त किमतीला परत घेतले. बरोबर एक लहानसा ध्वनिवर्धक घेतला, जेवणाच्या डब्याएवढा. खालच्या गृहस्थांना तो आधी नेऊन दाखवला.

एक महिन्याने कंपू पुन्हा आमच्याकडे जमला. पावसामुळे गच्ची नव्हती, दिवाणखानाच होता. ध्वनिवर्धक इतका हलका लावला होता, की तो चालू आहे की नाही हे मला कळेना. खर्ज वेगळा असा ऐकू येत नव्हता. गाण्याच्या पायाखाली जमीन आल्यासारखे मात्र वाटत होते. मधेच मुलीला एक तार उतरल्यासारखी वाटली. तिने हात थांबवून खुंटी पिळायला घेतली. खोकेवाल्याचा ताल अडखळला, दोघा गिटारवाल्यांनी एकदम मान वर करून तिच्याकडे पाहिले, गाणारी ओळ अर्धीच सोडून थांबली.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "अगं, का थांबलीस?"