विष, उतारा आणि आठवण

कपाशीवर फवारणी करायची झाली की आपण सहज म्हणतो, "आज औषध मारायचं आहे." शब्द औषधाचा, वस्तू मात्र विषाची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा विषांत ऑर्गॅनोफॉस्फेट नावाची एक मोठी जात आहे. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही नावे डब्यांवर आपण वाचली असतील. ती त्याच जातीची. हे विष शरीरात जी करणी करते, तीच करणी सौम्य प्रमाणात म्हाताऱ्या माणसांची आठवण टिकवण्यासाठी वापरली जाते. हे कसे काय, ते आज पाहू.

प्रथम आपले मज्जातंतू कसे बोलतात ते समजून घ्यावे लागेल. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकांची दोन हृदये घेतली. एकाच्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका दिला; ते हृदय मंदावले. मग त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावले! म्हणजे मज्जातंतू एक द्रव्य सोडून निरोप देतात. पुढे ते द्रव्य ॲसिटिलकोलीन ठरले. या संशोधनासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता शाळेतली घंटा डोळ्यांपुढे आणा. टोला पडला की ती घणघणते. शिपाईदादाने तिच्यावर हात ठेवला की थांबते. ॲसिटिलकोलीन हा टोला. तो थांबवणारा हात म्हणजे कोलिनेस्टरेज नावाचे पाचकद्रव्य. ते ॲसिटिलकोलीनचे क्षणात तुकडे करते. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमका हा हातच बांधून टाकते. मग घंटा थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाला फेस येतो, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, स्नायू फडफडतात, छाती कफाने भरते आणि शेवटी श्वास थांबतो. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत होते. त्यांच्या हाती याच कुळातले टाबून लागले, आणि ते पुढे युद्धातले विष ठरले.

यावर उतारा काय? पहिला ॲट्रोपीन. तो घंटा थांबवीत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात जणू बोळा घालतो. छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर तो पुन्हापुन्हा, वाढत्या मात्रेने टोचतात. दुसरा प्रॅलिडॉक्झिम, म्हणजेच 'पॅम'. १९५५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन यांनी दाखवले की, हे द्रव्य हाताची गाठच सोडवते. मात्र वेळ गेला की गाठ आवळते आणि मग ती सुटत नाही; काही विषांत काही तासांतच.

हा पॅम किती द्यावा, याचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या बारामतीत झाला. २०० रोग्यांपैकी निम्म्यांना तो थोड्या थोड्या वेळाने दिला, निम्म्यांना मोठ्या प्रमाणात सलग ४८ तास. पहिल्या गटात शंभरांत आठ दगावले, दुसऱ्यात एक. २००६ साली हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पण २००९ साली श्रीलंकेतील अभ्यासात पॅमचा असा लाभ दिसला नाही. म्हणून त्याबद्दलचा वाद मिटलेला नाही. ॲट्रोपीनबद्दल मात्र वाद नाही.

आता आठवणीकडे वळू. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण सोडून देतो, पण आजी घरची वाट विसरू लागली तर तो स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. अल्झायमर हा त्यातला प्रमुख. या रोग्यांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन तयार करणारी यंत्रणा खंगलेली असते, हे १९७६ च्या सुमारास ब्रिटनमधल्या संशोधकांना आढळले. म्हणजे इथे टोलाच हलका पडतो. मग शिपाईदादाचा हात जरा आवरून धरला तर? हलका नादही थोडा जास्त वेळ ऐकू येईल. डोनेपेझिल हे औषध हेच करते. जपानमध्ये तयार झालेल्या या औषधाला १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने आजार बरा होत नाही. काही रोग्यांना काही काळ थोडा आधार मिळतो, इतकेच. फरक आहे तो मात्रेचा आणि पकडीचा: औषधाची पकड सुटणारी, विषाची न सुटणारी.

जबर विषबाधेतून वाचलेल्या काहींना पुढे विसरभोळेपणा जडतो, लक्ष लागत नाही, असेही अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा जीव वाचला म्हणजे सारे निभावले, असे नाही.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. फवारणीत कुणाला त्रास झाला, तर अंगावरचे कपडे लगेच काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने स्वतःचे हातही जपावेत. ओकारी काढायला लावू नका. ॲट्रोपीन धोतऱ्यात असते खरे, पण धोतरा खाऊ घालणे म्हणजे दुसरे विष देणे होय. रोग्याला तडक दवाखान्यात न्या, आणि विषाचा डबा चिठ्ठीसकट सोबत न्या. डबा पाहिला की डॉक्टरांचा शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. गुरुजींनी आणि बाईंनी हे मुलांना जरूर सांगावे, कारण घरातला डबा वाचून दाखवणारे पुष्कळदा तेच असतात.