लोकॉस्ट (घरी बांधावयाची स्पोर्ट्स कार)

लोकॉस्ट ही हौशी कारागिराने स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधावयाची, दोन आसनांची, उघडी स्पोर्ट्स कार होय. रॉन चॅम्पियन यांच्या १९९६ साली ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेल्या पुस्तकामुळे ती प्रसिद्धीस आली. अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधता येते, असा दावा त्या पुस्तकाच्या शीर्षकातच होता. 'लो कॉस्ट' म्हणजे अल्पखर्ची, यावरून हे नाव पडले.

गाडीची मूळ कल्पना कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हन (१९५७) या मोटारीची आहे. लोटस ही गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही विकत असे, कारण तयार मोटारीवरील खरेदी कर अशा संचावर लागत नसे. पुढे १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले.

चेसिस

लोकॉस्टचे चेसिस म्हणजे सुमारे २५ मिमी रुंदीच्या चौकोनी पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडून केलेला सांगाडा. नळीची जाडी जेमतेम १.६ मिमी असते. इतक्या पातळ नळ्यांना बळ येते ते त्रिकोणी रचनेमुळे. चार काठ्यांची टोके बांधून केलेली चौकट हाताने दाबली की तिरकी होते. तिच्यात कर्णाची एक काठी बसवली की ती हलत नाही. अडचण अशी की, जेथे माणसे बसतात आणि जेथून इंजिन आत उतरवायचे असते, तेथे वरच्या बाजूने कर्ण टाकता येत नाही. म्हणून मधला बोगदा, तळ आणि बाजू यांच्या बांधणीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. रिव्हेटने बसवलेले पत्रेही पिळाला विरोध करतात.

हा विरोध महत्त्वाचा का? एक चाक खड्ड्यात गेले की चेसिसला पीळ बसतो. चेसिसच लवचीक असेल तर ते स्वतः एक स्प्रिंग बनते, आणि तिला आवरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर कोठेही नसतो. मग सस्पेन्शन कितीही काळजीपूर्वक जुळवले तरी ते व्यर्थ जाते.

सांगाडा सपाट फळीवर प्रत्यक्ष मापाच्या रेषा आखून तयार करतात. आधी सर्व नळ्या केवळ टाक्यांनी जोडतात, दोन्ही कर्ण मोजून समान असल्याची खात्री करतात व मगच पूर्ण वेल्डिंग करतात. वेल्डिंगचा सांधा थंड होताना आकसतो. त्यामुळे एकाच बाजूने सलग काम केल्यास सांगाडा वाकतो.

सस्पेन्शन

पुढील प्रत्येक चाक एकावर एक बसवलेल्या दोन त्रिकोणी भुजांवर असते. वरची भुजा खालचीपेक्षा आखूड ठेवतात. वळणावर गाडी कलली तरी त्यामुळे बाहेरचे चाक रस्त्याशी बरेचसे उभे राहते. स्टिअरिंगच्या दांड्याची लांबी व कोन या भुजांशी न जुळल्यास मात्र प्रत्येक उंचवट्यावर चाक आपोआप वळू लागते. हा दोष घरगुती बांधणीत वारंवार आढळतो.

मागील एक्सल मूळ आराखड्यात फोर्ड एस्कॉर्टचा आहे. एस्कॉर्टमध्ये तो पाट्यांवर असतो. लोकॉस्टमध्ये पाटे काढून टाकतात. चार दांडे एक्सलला पुढे-मागे सरकू देत नाहीत आणि पॅनहार्ड रॉड नावाचा आडवा दांडा त्यास बाजूला जाऊ देत नाही. गाडी एस्कॉर्टपेक्षा बरीच हलकी असल्याने स्प्रिंगही तिच्या वजनानुसार निवडाव्या लागतात. पुढे जुन्या एस्कॉर्ट दुर्मीळ झाल्या, तेव्हा क्रिस गिब्ज यांनी २००७ साली फोर्ड सिएराच्या भागांवर आधारित आराखडा प्रसिद्ध केला.

सुरक्षितता व कायदा

सस्पेन्शनच्या भुजा जेथे चेसिसला जोडल्या जातात, तेथे ब्रेक व वळण यांचा सगळा भार एकवटतो. वरून सुबक दिसणारा सांधा आतून न वितळलेला असू शकतो. तो तुटल्यास चाकच निखळते. ब्रिटनमध्ये अशी प्रत्येक गाडी स्वतंत्र सरकारी तपासणीत उत्तीर्ण झाल्यावरच रस्त्यावर येते. भारतात नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी पुण्याची 'एआरएआय' किंवा अहिल्यानगरची 'व्हीआरडीई' अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते, आणि एका गाडीसाठी तो खर्च व्यक्तीस सहसा परवडत नाही. येथील अभियांत्रिकीचे विद्यार्थी 'फॉर्म्युला भारत'सारख्या स्पर्धांसाठी नळ्यांचे चेसिस बांधतात. त्या गाड्या बंदिस्त मार्गावरच धावतात.